रस्त्यापलीकडचा तुकडा

अक्का, तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली आणि आज आपल्या पलीकडच्या तुकड्यावर जेसीबी चालला. तिथे गाड्या उभ्या करायला जागा होणार आहे. मी कुंपणापाशी उभी होते, आणि सांगावंसं वाटलं ते तुम्हालाच.

पुण्याहून संशोधनासाठी इथे आले तेव्हा मला फुलपाखरांतलं काही कळत नव्हतं. तुम्ही माझ्या मार्गदर्शक, पण ‘मॅडम’ म्हटलेलं तुम्हाला आवडायचं नाही. चिकपेटेतल्या तुमच्या भावाच्या दुकानातून मच्छरदाणीचं कापड आणून माझी पहिली जाळी तुम्ही स्वतः शिवलीत. संस्थेमागे झुडपांचे दोन तुकडे, मधे वाहता रस्ता. दोन्हीकडे कृष्णकमळाच्या वेली आणि त्यांवर वाढणारी कृष्णकमळिनी, विटकरी रंगाची, संथ उडणारी. एकेक पकडून आपण पंखावर शाईने नंबर घालायचो. प्रश्न एवढाच होता की एका तुकड्यात गर्दी झाली की फुलपाखरं तो सोडून दुसऱ्यात जातात का.

एका वर्षी अलीकडच्या तुकड्यात इतकी दाटी झाली की सुरवंटांनी वेलींवर पान ठेवलं नाही. अंडी घालायला आलेल्या मादीच्या मागे चार-चार नर लागतात, ती टेकते न टेकते तोच उठते. पुढच्या फेरीला नंबर घातलेली कितीतरी फुलपाखरं दिसेनात. मी खुशाल लिहिलं, ‘पलीकडे गेली.’ तुम्ही वही पाहिलीत.

“पलीकडे तू पाहिलीस?”

“नाही, पण इथे नाहीत ना.”

“इथे नाहीत म्हणजे मेलीही असतील. पाहिलं तेवढंच लिहायचं. सरी?” ‘कळलं ना’ हे तुम्ही नेहमी कन्नडमधूनच विचारायचात.

मी रडकुंडीला आले. मग म्हणालात, “स्वल्प थांब. डबा खाऊ, आणि दोघी जाऊन बघू.” त्या दुपारी पलीकडे सहा सापडली, त्यांतल्या पाच माद्या. तुम्ही हसून म्हणालात, “बघ, कंटाळून निघाल्यात बायका.”

मग तुमचं दुखणं आलं. जयनगरच्या हॉस्पिटलात मी यायची, तेव्हा स्वतःबद्दल बोलायच्या आधी तुम्ही आकडे विचारायचात. शेवटच्या भेटीत आवाज फार बारीक झाला होता. “मी शेवटी नंबर घातला ती, डावा पंख फाटलेली. गेली का गं पलीकडे?”

“गेली, अक्का. मी पाहिली. अंडी घालत होती.”

“छान झालं,” म्हणालात आणि डोळे मिटलेत. चार दिवसांनी तुम्ही गेलात.

प्रबंधात तिच्या नंबरापुढे ‘पुन्हा दिसली नाही’ एवढंच आहे. आज वेली उपटल्या जात असताना अलीकडच्या भिंतीवरून दोन-तीन फुलपाखरं रस्त्यावर आली आणि गाड्यांच्या वर भरकटत राहिली. माझ्या विद्यार्थिनीने विचारलं, “आता ही कुठे जाणार?” तिला चहाला पाठवून मी तिथेच उभी राहिले.

हे पत्र कुठेच जाणार नाही, वहीच्या मागच्या पानांत राहील. मी तुमच्याशी खोटं बोलले ते तुम्हाला तेव्हाच कळलं असेल, असं मी इतकी वर्षं समजत आले. पण एक तुम्हाला ठाऊक नसणार. ती पलीकडे गेलीही असेल, अक्का. त्या आठवड्यात मी तिकडे पाहायला गेलेच नव्हते. तुमच्याशिवाय तो रस्ता मला ओलांडवला नाही.