खारासरचा संशयित

नाही, आधी माझं पुरतं ऐका, मग हसा. सव्वीस वर्षांचा, दोन्ही वेळा जेवणारा माणूस मृत्युपत्र कसलं करतो, हेच विचारायचंय ना? करतो. बिकानेरच्या पुढं वाळवंटात रस्त्याचं काम निघालंय, तिथं हजेरी कारकून म्हणून चाललोय, आणि परत येणार नाही. ज्या गावात माणूस परत येणार नाही, तिथं तो मेल्यातच जमा. तेव्हा गप्प बसा.

मी, ज्योतीराम, बी. ए., मूळ अंबाजोगाईचा, पिंपरीच्या औषध कारखान्यातला कारकून (कालपर्यंत), कादंबरीकार (आजपर्यंत), राहणार कासारवाडी, सुभद्राबाईंच्या घरची माडी, तालुका हवेली, जिल्हा पुणे, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. मी प्यायलेलो नाही. कुणी धमकावलेलं नाही. राग आहे, पण कायद्यात रागाला मनाई असल्याचं मला कुठं आढळलं नाही.

कलम एक. घर नाही. माडी सुभद्राबाईंची, ती त्यांनाच. खिडकीला मी लावलेला पडदा मात्र काढून घ्यावा. त्या खिडकीतून खालचा रस्ता दिसतो, आणि रस्त्यावर कोण थांबतं तेही. पुढच्या भाडेकरूला तो पडदा सरकवून बघायची सवय लागू नये.

कलम दोन. पोस्टातलं जे काही असेल ते आईला. यात वाद नाही.

कलम तीन. दाढीचा आरसा चाकणच्या चिमाजीला. चिमाजी म्हणजे कांद्याची लॉरी चालवणारा. दर आठवड्याला पुण्याच्या बाजाराला जाताना इथं थांबून सुभद्राबाईंच्या ओट्यावर कांदे ठेवणारा आणि "ऱ्हाऊ द्या मावशी, घरचंच हाय" म्हणणारा. मिशीला पीळ. लॉरी चालवताना त्याचं अर्धं लक्ष आरशातच असतं, तेव्हा आणखी एक असू दे. लॉरीचा आवाज वळणावर यायच्या आत सुभद्राबाईंची भाची इंद्रायणी पाटावरून उठलेली असायची. आम्हाला कुणाला ऐकू यायचा नाही. मी कान देऊन बसायचो, तरी नाही.

कलम चार. पुण्याच्या एका मासिकाच्या संपादकांनी माझं हस्तलिखित परत पाठवताना समासात लिहिलं होतं, "वाळवंट पाहिलंत का?" नव्हतं पाहिलं. मे महिन्यात पवनेच्या पात्रात अनवाणी चाललो होतो, तेवढंच. त्यांना तिथून शिशीभर वाळू पाठवीन. त्यांनी ती समासात ठेवावी.

कलम पाच. माझी खरी इस्टेट, कादंबरी. खारासर नावाचं वाळवंटातलं लहानसं गाव, गावात गोड्या पाण्याची एकच विहीर. दक्षिणेतून आलेला मोजणीदार जयराम. वाड्यावरची रेवती. रेवतीचा भाऊ विहिरीत उतरतो आणि कुणीतरी दोर कापतं. सकाळी वाळूवर एकही पाऊल नाही. कुणीतरी झाडून काढलीत. संशय ठेकेदारावर. ठेकेदाराला रेवती हवी आहे.

ठेकेदाराचं नाव आधी वेगळं होतं. ज्या दिवशी खाली इंद्रायणी लॉरीच्या दारावर हात ठेवून हसत उभी दिसली, त्या दिवशी मी ते खोडून चिमाजी केलं. लेखकाचा हक्क आहे. मिशीही दिली.

चैत्रात ओट्यावर बायका शेवया करायला बसल्या की मी वाचून दाखवायचो. शेजारच्या शालनबाई म्हणाल्या, "बीए, तुमी वाचाय लागला की सरकारी नोटीस आल्यागत वाटतंय. पोरगी सातवी झालीय, तिच्याकडं द्या." दिलं. इंद्रायणी सुरेख वाचते. जयराम, जयराम, जयराम. पानापानावर माझ्या जयरामाचं नाव तिनं खणखणीत आवाजात घेतलं, आणि मी मूर्खासारखा खूश होत होतो.

मग विहिरीचं प्रकरण आलं. मी लिहिलं होतं, "अंधारातून चिमाजी पुढे आला." तिनं वाचलं, "अंधारातून... पुढे आले."

"कोन आलं?" सुभद्राबाई.

"ते."

"ते कोन गं? नाव हाय का न्हाई त्याला?"

ती पुढं वाचू लागली. पुढच्याच ओळीत पुन्हा तेच नाव, पुन्हा ती अडली. कानापर्यंत लाल. शालनबाईंच्या हातातली शेवई तुटली.

"आता गं बया! नवऱ्याचं नाव असल्यागत करतीय की ही!"

सगळ्या बायका हसल्या. इंद्रायणी वही पाटावर टाकून आत पळाली. सुभद्राबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी हात धुतले, आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "बीए, बरं केलंत. आमच्या नाकासमोर आसून आमाला दिसलं नव्हतं."

पुढच्या रविवारी चिमाजीचे चुलते सोनबा आले, सुपारी फुटली. म्हणजे हे लग्न मी जमवलं. त्याला बदनाम करायला मी त्याचं नाव घातलं, आणि तिनं ते न घेऊन दाखवलं.

आता व्यवस्था. हस्तलिखित इंद्रायणीला. अट एकच: वाचायचं तर मोठ्यानं, आणि एकही शब्द गाळायचा नाही. जमत नसेल तर ट्रंकेत राहू दे.

शेवटचं प्रकरण लिहिलेलं नाही, लिहिणारही नाही. काल चिमाजी स्वतः माडीवर आला होता. दारातच उभा. "ज्योतीरामभाऊ, त्या गोष्टीत माझं काय हुतंय वो? फाशी-बिशी देऊ नका. ती रडंल." मी म्हटलं, बघू. तो म्हणाला, "आन् दोर म्या कापला न्हाई हां." आणि हसला. असा हसला की मला लगेच त्याला फासावर द्यावंसं वाटलं, आणि देता येईना. तर त्याला फाशी नाही आणि निर्दोष सुटकाही नाही. तो खारासरच्या विहिरीपाशी उभा राहील, लोक त्याच्याकडं बघत राहतील. संशयात राहणं काय असतं ते एका तरी चिमाजीला कळू दे.

कलम सहा, शेवटचं. आज सकाळी इंद्रायणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आली. वर नाही. म्हणाली, "तुम्ही एवढं लिहिता, मला लग्नात नाव घ्यायला एक उखाणा द्या ना. त्यात वाळू असली तर बरं."

मी नाही म्हणणार होतो. पण ते नाव ती उखाण्यातच घेणार, एरवी जन्मभर घेणार नाही. मग ते दुसऱ्या कुणाच्या ओळीतून का घ्यावं? खालील दोन ओळी इंद्रायणीच्या मालकीच्या. लग्नात, हळदीकुंकवाला, बारशाला, जिथं जिथं बायका तिला अडवतील तिथं तिनं याच म्हणाव्यात. दुसरा उखाणा शिकू नये.

वाळूवरची पावलं वारा टाकतो पुसून,
चिमाजीरावांची गाडी ओळखते मी घरात बसून.

सबंध कादंबरीत एवढं खरं मला लिहिता आलं नाही.

साक्षीदार: रंगराव, चहावाले, स्टेशनबाहेर (सही करताना म्हणाले, "मेलंय कोन?"). शालनबाई, अंगठा (म्हणाल्या, "बीए, लग्नाचं जेवून तरी जा").

लिहून देणार: ज्योतीराम.
कासारवाडी, रविवार, ५ मे १९५७.

वळणावर लॉरी आली वाटतं. मला अजून ऐकू येत नाहीये, पण खाली पाट सरकल्याचा आवाज आला. मी मागच्या जिन्यानं स्टेशनवर चाललोय. कुणी हाक मारू नका.