साक्ष काय द्यायची

११ जाने., रवि.
उपासनेला गेलो. बिलोलीच्या चर्चमध्ये दीड वर्षापासून जातोय. पास्टरांनी विचारलं, "काका, पंचवीस तारखेला हौदात उतरता ना? बाप्तिस्मा घेऊन टाका." हाव म्हणालो. आधी सर्वांपुढं साक्ष द्यायची, प्रभूकडं का आलो त्याची. घरी बायकोला सांगितलं. ती शेंगा फोडत होती. म्हणाली, "खरं सांगा मंग. घरी च्याला कोण इचारत न्हाई, तिथं खुर्ची टाकतेत, म्हणून जाता."
हसलो. पण जेवण गेलं नाही.

१३, मंगळ.
तिचं बोलणं डोक्यातून जाईना. सगळे सतरंजीवर बसतात, गुडघ्यामुळं मला एकट्याला खुर्ची. गेलो की चारी बाजूंनी "जय ख्रिस्त, काका". घरी सून "जेवून घ्या" म्हणते, तेवढंच. साक्ष मनाशी म्हणून पाहिली, 'मला शांती मिळाली'. शांती की खुर्ची? चौथी शिकलेल्या माणसानं इतका विचार करू नये. पण प्रभूला तर कळतच असणार.

१८, रवि. लातूर.
मुद्दाम लेकीकडं आलो. इथल्या मोठ्या चर्चमध्ये मला कोणी ओळखत नाही. इथं मन लागलं तर माझं येणं खरं. आपल्या रीतीनं चपला दारात काढल्या. आत बघतो तर सगळे बुटांसकट बाकावर. प्रार्थनाभर पाय बाकाखाली लपवले, लक्ष चपलांत. कोणी काही विचारलं नाही. मग ओळखीचं गाणं निघालं आणि रडू आलं. थांबेना.
बरं वाटलं, म्हणजे खरं आहे. ऑटोत बसल्यावर शंका आली, बिलोलीच्या माणसांच्या आठवणीनं रडलो असेन तर?

२२, गुरु.
बिलोली. पास्टरांना सगळं सांगितलं. म्हणाले, "काका, सगळेच काहीतरी घ्यायला येतात. मी सुद्धा." काय घ्यायला, ते नाही सांगितलं. मला हौदात उतरवायची घाई यांनाच तर नाही? असा विचार येणं पाप. पण आला.

२४, शनि.
सांगून आलो, उद्या खुर्ची नको, खाली बसणार. पास्टरीणबाई म्हणाल्या, "उठता येईल का?" बघू म्हणालो.
बायकोनं पांढरा सदरा इस्त्री करून ठेवला. "मी येऊ का बघायला?" नको म्हणायला तोंड उघडलं आणि ये म्हणालो. आता तिच्यासाठी जातोय की काय...

२५, रवि. सकाळ.
साक्ष जमली नाही. खरं तेच सांगावं. खुर्चीसाठी आलो असेन, पुढचं मला ठाऊक नाही. मग हौदात उतरू देतील का, कोण जाणे.
आणि खुर्ची नको म्हणालो, हे सगळ्यांच्या ध्यानात यावं असं मनात आहेच. आत्ता लिहितानाही आहे.
ती लुगडं नेसून दारात उभी. "चला की. बसून काय राहिले?"