टेबलक्लॉथ, चार पेले आणि सूनबाईची नोकरी

ती. सौ. अक्कास शिरसाष्टांग नमस्कार.

पत्राला तीन आठवडे उशीर झाला, रागावू नकोस. गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला? (उत्तर येईपर्यंत मी वाईटच धरून चालतो.) इथे क्षेम आहे. सूनबाईचा जडत्वाचा धडा पार पडला. तिची नोकरी कायम होणं त्यावर अवलंबून होतं आणि मांडामांड माझ्याकडे होती. सातवी शिकलो असलो तरी ती शिकवते त्याच शाळेच्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं परिचर होतो!

प्रयोग असा, की भरलेल्या पेल्यांखालचा टेबलक्लॉथ झटकन ओढायचा, पेले जागचे हलत नाहीत. (जेवणानंतर भाऊजी हलत नाहीत, तसंच.) मी काचेचे पेले काढून स्टीलचे ठेवले, मुलांना तीन बाक मागे सरकवलं आणि सूनबाईच्या पाठीमागे व्यायामशाळेतली गादी अंथरली. "बाबा, मी शिकवणार आहे, कुस्ती नाही खेळणार," म्हणाली. मी मनावर घेतलं नाही. मात्र पंख्याने कपडा उडू नये म्हणून पाहुण्यांच्या टेबलाला जन्मभर खालून ड्रॉइंग पिना टोचत आलो, त्या सवयीने इथेही आठ टोचल्या.

तपासनीस येऊन बसले. सूनबाईने कपडा ओढला, ढिम्म. पुन्हा ओढला, ढिम्म. "बाई, जडत्व कपड्याचं दाखवताय का?" तपासनिसांनी विचारलं. तिसऱ्यांदा तिने पाय रोवून असा हिसका दिला, की पिना एकदम निसटल्या, कपडा सपकन निघाला, सूनबाई गादीवर उताणी, आणि पेल्यांतला थेंब सांडला नाही! मुलांनी बाकं बडवली. इतकं स्पष्ट जडत्व आपण पाहिलं नव्हतं, असं तपासनीस स्वतः म्हणाले. सूनबाई उठेपर्यंत मी पिना वेचून खिशात टाकल्या.

तुझा धाकटा

ता. क. गादी कुणी अंथरली, हे भाऊजींना मुद्दाम सांग.

आणखी ता. क. सूनबाईला पिनांचं ठाऊक नाही. आधी दोनदा सावकाश ओढायचं, मग हिसका, हीच रीत असं तिने धरलंय. तपासनिसांच्या सांगण्यावरून येत्या सोमवारी सगळ्या शाळांच्या शिक्षकांसमोर तेच करायचंय, त्यानंतरच कायमचा कागद हाती येणार. तिथलं टेबल दगडी आहे. (पिना जात नाहीत, मी पाहून आलो.) पहिल्याच सावकाश ओढीला पेले कपड्याबरोबर सरकत तिच्याच अंगावर येतील. माझी जीभ रेटत नाही, आणि ती तुझं ऐकते. तूच तिला खरं काय ते लिही. ते जमत नसेल तर निदान तुझी तब्येत बिघडल्याचं मला कळव, म्हणजे सोमवारी मी तुझ्याकडे असेन. पण काय ते लगेच कळव गं.