घटामागचा कॉलम

मी, सावळीराम मोतीराम पिंगळे, वय ७२, एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून फिटर म्हणून निवृत्त, राहणार रो-हाऊस क्रमांक ४, हिरावाडी, पंचवटी, नाशिक, हे माझ्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही सांगण्यावाचून लिहून ठेवतो. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या हृदयाची झडप बिघडली आहे, डोकं नाही. डोकं फक्त तापलेलं आहे, आणि ते कशाने ते पुढे येईलच.

१. यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. या मृत्युपत्राची व्यवस्था माझी मुलगी तेजस्विनी हिने पाहावी. तिला कागद नीट वाचायची सवय आहे. घरात दुसऱ्या कोणाला नाही, मला धरून.

२. घर. नोकरीभर कॉलनीत राहिलो, नंतर भाड्याने. २०२१ साली फंडाचे पैसे घालून हे जुनं रो-हाऊस घेतलं. घेण्याआधी इंजिनिअर धनराज खैरे यांची फी भरून घराची तपासणी करून घेतली. त्यांनी लेखी दिलं, "सर्व कॉलम प्रत्यक्ष ठोकून तपासले. तडे अथवा गंज आढळला नाही." चार महिन्यांनी टीव्हीचा स्टँड बसवायला ड्रिल मारलं, तर हॉलच्या कोपऱ्यातल्या कॉलमचं प्लास्टर धपकन माझ्या पायाशी आलं. आतल्या सळ्यांचे गंजून पापुद्रे सुटलेले, वरच्या बीमलाही तडा. दुसऱ्या इंजिनिअरने पाहून सांगितलं, "काका, हे दुखणं आठ-दहा वर्षांचं आहे." तेव्हापासून हॉलमध्ये सहा लोखंडी टेकू उभे आहेत. माझी पत्नी छाया त्यांच्यातून वाट काढत मला चहा आणून देते. वरच्या मजल्यावर कोणी झोपत नाही.

असं हे घर माझ्यामागे छायाचं. तिच्यानंतर मुलगा जीवन आणि तेजस्विनी यांना निम्मं-निम्मं. अट एवढीच की, घर विकायचं झालं तर घेणाऱ्याला आधी तो कॉलम उघडा करून दाखवायचा आणि मगच त्याचा विसार घ्यायचा.

३. ही अट जीवनसाठी आहे, हे त्याला कळेलच. मागच्या दिवाळीला पुण्याहून आला आणि टेकूंकडे बघून म्हणाला, "पप्पा, प्लास्टर मारू, पुट्टी मारू, रंग मारू अन् देऊन टाकू. कोण एवढं बघतंय?" मी त्याला नको नको ते बोललो. तुला हेच शिकवलं का, म्हणालो. तो न जेवता निघून गेला. बोललेलं मागे घेत नाही. मात्र कलम ६ वाचल्यावर तो माझ्यावर हसला, तर त्याचा तो हक्क आहे.

४. हत्यारं. पाने, फाइली आणि दीड पौंडी हातोडी नात आरोही हिला. ती सिव्हिल डिप्लोमाला आहे. चौतीस वर्षं मी ठोकून, आवाज ऐकून पाइप पास केले, आणि स्वतःच्या घरात हातोडी पिशवीतून बाहेर काढली नाही. आरोही बाळा, हाताने ठोकल्याशिवाय कशावरही सही करू नकोस.

५. तक्रार. खैरे यांच्याविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात माझी नुकसानभरपाईची तक्रार तीन वर्षं चालू आहे. दुरुस्तीचे चौदा लाख मागितले आहेत. समोरच्या वकिलांना कधी ताप येतो, कधी कागद सापडत नाहीत, आणि मी आपला डबा घेऊन हजर. वैताग आला आहे! माझ्यामागे वारस म्हणून तेजस्विनीने तक्रार पुढे चालवावी. काही मिळालं तर आधी कॉलम आणि बीम दुरुस्त करावेत, उरेल ते छायाचं.

६. आता जे आयोगातल्या शपथपत्रात लिहिलं नाही ते. खैरे तपासणीला आले तो दिवस नवरात्रातल्या सातव्या माळेचा. घर विकणाऱ्यांच्या आई रंगूबाई यांनी त्याच कोपऱ्यात घट बसवले होते. मागे साडीचा पडदा, पुढे नंदादीप. खैरे म्हणाले, "आजी, पडदा जरा सरकवता का?" रंगूबाई म्हणाल्या, "अरे देवा, घट बसल्यात! दसऱ्याला उठले म्हंजे बघा." तेव्हा मीच मध्ये पडलो. म्हणालो, "राहू द्या हो साहेब. देवीचं काम आहे. बाकीचे बघितलेत ना?" मला दसऱ्याच्या मुहूर्तावर विसार द्यायचा होता. नवव्या माळेला रिपोर्ट हातात आला, त्यात "सर्व" असं वाचलं आणि मी खूश झालो. त्यानंतर खरेदीखताला पुरा महिना होता. घट उठले होते, एक फोन करून त्यांना परत बोलावता आलं असतं. नाही केला.

खैरे यांनी आयोगात हे सांगितलं तेव्हा मी शपथेवर लिहून दिलं की, माझ्याकडून कोणताही अडथळा झाला नाही. ते खोटं आहे. आमच्या वकील वेदिकाताईंनाही मी हे सांगितलेलं नाही. खैरे यांनी न बघितलेला कॉलम "बघितला" म्हणून लिहिला, ही त्यांची चूक मी मरेपर्यंत धरून ठेवीन. त्यांनी "एक कॉलम पाहता आला नाही" एवढं एक वाक्य लिहिलं असतं तर मी विसार दिला नसता. पण माझं खोटं माझं आहे. माझ्या मृत्यूनंतर तेजस्विनीने हे कलम आयोगापुढे ठेवावं, मग तक्रार टिको अथवा जावो.

७. इथवर लिहून काल छायाला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "मला माहीत आहे. मी तिथंच उभी होते."

मी म्हणालो, "मग चार वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "पण हे मेल्यावर कशाला हो? पोरीला उभं करणार का तिथं, तुमचं खोटं सांगायला? जिवंत आहात ना, मग जा की."

रात्रभर रागच आला, आधी तिचा, मग माझा. म्हणून कलम ६ मधला शेवटचा आदेश पुढीलप्रमाणे बदलतो. पुढची तारीख ९ डिसेंबर आहे. मी आजच वेदिकाताईंना फोन करून सगळं सांगितलं आहे. त्या खूप चिडल्या. त्या दिवशी मी स्वतः आयोगापुढे उभा राहून सांगणार आहे. त्याआधी गेलो, तरच हा कागद माझ्याऐवजी बोलेल.

वरील मजकूर मी साक्षीदारांना वाचून दाखवून त्यांच्यासमोर सही केली, आणि त्यांनी माझ्यासमोर.

सही : सावळीराम मोतीराम पिंगळे

साक्षीदार :
१. वाल्मीक निवृत्ती गायधनी, निवृत्त फिटर, नाशिकरोड
२. सोमनाथ कारभारी जाधव, शेजारी, रो-हाऊस क्रमांक ५

ठिकाण : पंचवटी, नाशिक
दिनांक : २१ नोव्हेंबर २०२५