न झालेल्या व्याख्यानाचा फोटो

सर,

तुम्ही गेल्यापासून तुम्हाला कधी लिहावंसं वाटलं नाही. आज लिहिते आहे कारण मला राग आला आहे, आणि तो पुरता ऐकून घेईल असं आपल्या कॉलेजात आता कुणी उरलेलं नाही. तुम्हाला आधी गावच्या बातम्या लागायच्या आणि मग कामाचं बोलणं, म्हणून बातम्या सांगते. जुन्या इमारतीला फिकट जांभळा रंग दिला आहे. कुणी निवडला ते कुणी कबूल करत नाही. लायब्ररीसमोरचा कडुनिंब तोडून तिथे फोटो काढायला एक चौकट उभी केली आहे, तिच्यात उभं राहिलं की आपण कॉलेजवर प्रेम करतो असं खाली लिहून येतं. माझ्या मराठीच्या वर्गात मुलं कमी आणि मुलीच जास्त, बऱ्याचशा खेड्यांतून एसटीने येणाऱ्या. आणि उद्या कॉलेजला ग्रेड देणारी मूल्यांकन समिती येते आहे. दोन वर्षं सगळं कॉलेज ह्या एका दिवसासाठी जगलं, शिकवणं मधल्या वेळेत झालं.

तुमचं वार्तापत्र आता माझ्याकडे आहे. ‘घडामोडी आणि आगामी कार्यक्रम’, नाव तेच ठेवलं. तुमच्या वेळी ते हाताने लिहून काचेच्या पेटीत लागायचं, आता कॉम्प्युटरवर निघतं आणि सगळ्यांच्या फोनवर जातं. पण काचेची पेटीही मी चालू ठेवली आहे, मुली एसटीची वाट बघताना तिच्यासमोर उभ्या राहून वाचतात. वार्तापत्राचं काम मी तुमच्या स्वयंपाकघरात शिकले. शनिवारी दुपारी आम्ही चौघं-पाचजणं तुमच्याकडे जमायचो. काकू मागच्या अंगणात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत असायच्या, तो धूर सरळ आत यायचा, आणि तुम्ही पाटावर बसून येत्या आठवड्याच्या कार्यक्रमाचा अहवाल आम्हाला सांगून लिहून घ्यायचात. झालेल्या नव्हे, होणाऱ्या. दीपप्रज्वलन कोण करणार, प्रास्ताविक कोणाचं, पाहुणे कशावर बोलणार, आभार कोण मानणार. तुम्ही म्हणायचात, अहवाल आधी लिहिला की कार्यक्रमाला वळण लागतं, कोण काय विसरलं ते आधीच कळतं. काकू दारातून म्हणायच्या, “बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी.” तुम्ही हसायचात. आम्ही भरीत आणि कळण्याची भाकरी खाऊन घरी जायचो, आणि मला वाटायचं की ह्याहून मोठं काम जगात नाही.

त्या पद्धतीचा दुसरा अर्धा भाग म्हणजे कार्यक्रम झाल्यावर तोच कागद घेऊन बसायचं आणि जे झालं नाही ते खोडायचं. पाहुणे उशिरा आले तर उशिरा आले असं लिहायचं. हॉल अर्धा रिकामा असेल तर ‘उत्स्फूर्त प्रतिसाद’ हे शब्द काढायचे. मी दुसऱ्या वर्षाला असताना वाङ्मय मंडळाच्या उद्घाटनाचे पाहुणे आलेच नाहीत, त्यांची जीप नरडाण्याजवळ बंद पडली. तुम्हीच उभे राहून बोललात. मी मात्र आदल्या शनिवारचा अहवाल जसाच्या तसा पेटीत लावला, कारण रावेरकडच्या पोरांची शेवटची गाडी सुटायच्या आत लाव असं तुम्हीच सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही भर व्हरांड्यात, सगळ्या पोरांदेखत, तो कागद काढायला लावलात. “ठरलं होतं ते मला माहीत आहे, मीच ठरवलं होतं,” तुम्ही म्हणालात. “झालं ते लिही.” पोरं हसली. मला त्याचा राग आला होता आणि खरं सांगते, अजून आहे. मी घाई केली ती तुमच्याच शब्दाखातर. वडील केळीच्या ट्रकमागे धावणारे हमाल, घरात शिकणारी मी पहिली, मला कॉलेजात कुणी हसलेलं सोसायचं नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं.

आता जानेवारीतली गोष्ट सांगते. एका सकाळी प्राचार्यांनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. व्यासपीठामागे एकावर एक फ्लेक्स बांधलेले. वर्षभरात जे कार्यक्रम व्हायला हवे होते आणि झाले नव्हते, आणि जे पुढे व्हायचे होते, त्या सगळ्यांचे फोटो एकाच सकाळी उरकायचे. वरचा फ्लेक्स सोडला की खालचा दिसायचा. मुलींना सांगितलं, ओढण्या बदला, पुढच्या रांगेतल्या मागे जा. व्यासपीठावर आलटून पालटून आम्ही शिक्षकच, कधी पाहुणे, कधी अध्यक्ष. ‘उष्माघात जनजागृती’चा फ्लेक्स आला तेव्हा सगळा हॉल स्वेटर आणि मफलर घालून बसला होता. आपल्या खान्देशात, सर. मे महिन्यात जिथे डांबर वितळतं तिथे उन्हापासून कसं वाचावं हे पोरं कानटोप्या घालून ऐकताहेत, असा फोटो आहे. तो समितीच्या फाइलमध्ये लागला, कुणाच्याही लक्षात आलं नाही. किंवा आलं असेल. अळीमिळी गुपचिळी.

त्या फ्लेक्सच्या खाली तुमचा फ्लेक्स होता. तुमच्या नावाची स्मृती-व्याख्यानमाला, वर्ष पहिलं. ती मी मागून घेतली होती, भांडून मिळवली होती, आणि वक्ताही मीच ठरवला होता. तुमचा तो धुळ्याचा विद्यार्थी, माझ्या दोन वर्षं पुढे होता तो, ज्याच्या वडिलांचं गाद्या भरायचं दुकान होतं. तो पुढे शाळेत मराठी शिकवून आता निवृत्त झाला आहे. त्याला मी सांगितलं होतं की फेब्रुवारीत, तुमच्या स्मृतिदिनाला या, तासभर बोला. म्हणून मी हॉलमध्ये उठून म्हटलं, हे व्याख्यान खरोखर व्हायचं आहे, ह्याचा फोटो आज कशाला. प्राचार्य अगदी गोड बोलले. होऊ द्या ना मॅडम, कोण नको म्हणतंय, फोटो फक्त आज काढून ठेवू. आमच्या ऑफिसातल्या एका लिपिकाला पाठमोरं माइकपुढे उभं केलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही आहे, पहिल्या रांगेत, डावीकडे.

तुमच्या स्मृतिदिनाला विद्यापीठाच्या परीक्षेसाठी मला दुसऱ्या तालुक्याच्या केंद्रावर पाठवलं. आदेश आदल्या दिवशी संध्याकाळी आला. मी प्राचार्यांना फोन करून विचारलं, उद्या व्याख्यान आहे, हॉल उघडून ठेवाल ना. काळजी करू नका, म्हणाले. मी दुपारी धावतपळत परत आले तर हॉलला कुलूप, आणि तुमचा विद्यार्थी फाटकाजवळच्या बाकावर बसलेला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर पिशवी. सकाळच्या गाडीने धुळ्याहून निघून आला होता. फाटकावरच्या वॉचमनने ऑफिसातून सांगितलं होतं तेच त्याला सांगितलं होतं, “कार्यक्रम ते व्हई गया, आबा. फोटू बी लायेल शे बोर्डवर.” आणि बोर्डवर खरंच फोटो होता. खाली वक्ता म्हणून ह्याचं नाव, वर लिपिकाची पाठ.

मी काही बोलायच्या आत तो उठला आणि हसला. त्याचं हसणं तुम्हाला आठवत असेल, चूक सापडली की हसायचा. “ताई, माझं व्याख्यान झालं म्हणे,” तो म्हणाला. “चांगलं झालं का?”

सर, मला त्या क्षणी कुणाचं तरी थोबाड फोडावंसं वाटलं. मी म्हटलं, चला, मी वर्ग उघडते, आहेत तेवढ्या मुली बोलावते, तुम्ही बोला. तो नको म्हणाला. एकदा झालेलं परत कशाला, लोक म्हणतील म्हाताऱ्याला बोलायची हौस फार. मी चहा पाजला, स्टँडपर्यंत सोबत गेले. गाडीत चढताना त्याने पिशवीतून शेवेचा डबा काढून माझ्या हातात दिला. शेव मुलींना वाटायला आणली होती. तुम्ही शनिवारी आम्हाला खाऊ घालायचात, म्हणून त्यालाही व्याख्यानानंतर सगळ्यांना काही द्यायचं होतं. मी ती शेव परत कॉलेजात नेली नाही. माझ्याच्याने ती कुणाला वाटवली नसती.

राग कोणाकोणाचा सांगू. प्राचार्यांचा तर आहेच. मी वार्तापत्रात ही बातमी घेणार नाही म्हटलं तेव्हा त्यांनी मला समजावलं, मॅडम, वक्ते त्या दिवशी आले होते हे खरं की नाही? मग झालंच की. सहकाऱ्यांचा आहे. ग्रेड घसरली तर सगळ्यांचंच नुकसान, असं ते मला एकेकटे गाठून सांगतात, आणि चौघांत असले की फळ्याकडे बघतात. बातमी माझ्या नकळत वार्तापत्रात घातली गेली, ‘उपस्थित भारावून गेले’ असं त्यात आहे, आणि खाली संपादक म्हणून मी आहे. पण सगळ्यांत जास्त राग तुमचा आला आहे. होणाऱ्या गोष्टीचा अहवाल आधी लिहायचा, ही सवय ह्या कॉलेजला तुम्ही लावलीत. तुमच्या हातात ती शोभली, कारण तुम्ही दुसऱ्या दिवशी खोडायला बसायचात. पण खोडायचं काम कुणाला आवडतं? लिहायचं तेवढं सगळ्यांनी उचललं, कारण ते सोपं होतं आणि त्यात नाव होतं. तुमच्याच हाताखाली शिकलेले लोक आज खुर्च्यांवर आहेत. तुम्ही त्यांना सगळ्यांदेखत कधी कागद काढायला लावला नाहीत, लावलात तो मला. का? मी मुलगी, मी रडून गप्प बसेन, म्हणून? का मीच ऐकेन असं वाटलं? हे तुम्हाला विचारायचं राहून गेलं आणि आता उत्तर मिळायचं नाही, ह्याचाही राग येतो.

गेल्या आठवड्यात मी धुळ्याला फोन केला. समितीचे लोक सोमवारी सकाळी अकराला विद्यार्थ्यांशी बोलायला हॉलमध्ये बसणार आहेत, असं वेळापत्रकात आहे. मी तुमच्या विद्यार्थ्याला म्हटलं, त्याच वेळी तुमचं व्याख्यान ठेवते आहे, या. मी त्याला काही लपवलं नाही. ते मध्येच थांबवतील, कदाचित तुम्हाला बोलूही देणार नाहीत, माझं तर काय करतील ते करतील, निवृत्तीला थोडी वर्षं राहिली आहेत.  त्याच्या मागे नातवंडांचा आवाज येत होता.

“ताई,” तो म्हणाला, “ह्या वेळी मी असणार ना तिथं?”

असणार, मी म्हटलं.

शनिवारी कॉलेज सुटल्यावर, प्राचार्य गेल्यावर, काचेच्या पेटीत ‘आगामी कार्यक्रम’खाली मी हाताने लिहून कागद लावला. तुमचं नाव, त्याचं नाव, सोमवार, अकरा. एसटीला थांबलेल्या मुली गोळा झाल्या. त्यातली एक म्हणाली, मॅडम, हे तर झालं ना, आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या की. मी सांगितलं, नाही झालं. त्या हसायला लागल्या आणि मग माझ्याकडे बघून थांबल्या. येतील का, माहीत नाही. कागद तरी उद्यापर्यंत टिकेल का, तेही माहीत नाही.

हे पत्र पाठवायला जागा नाही. तुमच्या घरावर आता दातांच्या डॉक्टरची पाटी आहे, मागचं अंगण बुजवून गाड्या लावतात. हॉलची किल्ली मी शिपायाकडून मागून घेतली, सोमवारी लवकर येऊन झाडून घेते असं सांगितलं. ती माझ्या पर्समध्ये आहे. आज रविवार, दुपार झाली आहे, आणि सकाळपासून मी पर्स पुन्हा पुन्हा उघडून बघते आहे. सर, मला भीती वाटते. घरी अजून कुणाला बोलले नाही. एवढंच म्हटलं, उद्या डबा नको, कॉलेजात कार्यक्रम आहे.