गाडी टेस्टिंगला गेली आहे

गुरुवार, १८ मार्च १९९९. गुढीपाडवा.

आजपासून रोजनिशी. कारण आजपासून लिहिण्यासारखं काहीतरी घडणार आहे. सांगलीच्या शोरूममधून गाडी आणली. लाल. दोन सीटची. छप्पर कापडी, मागे दुमडून ठेवता येतं. अख्ख्या सातारा जिल्ह्यात अशी स्पोर्ट्स कार दुसरी नाही. (चौकशी केलेली नाही, पण नसणारच.) पाटबंधारे खात्यात तेहेतीस वर्षं जीपची धूळ खाल्ली. प्रॉव्हिडंट फंडाचा यापेक्षा चांगला उपयोग कोणता? सौ. म्हणाली, गच्ची गळते आहे. मी म्हटलं, गाडीला तर छप्परच नाही. तिला विनोद कळला नाही.

शुक्रवार, १९ मार्च.

प्रतिज्ञा. १२ मेला आमच्या लग्नाला तीस वर्षं होतात. त्या दिवशी सौ.ला शेजारी बसवून, छप्पर उघडून, कोयनानगरला नेणार. ६९ साली लग्न झाल्यावर तिला तिथल्या क्वार्टरवर नेलं ते खात्याच्या जीपमधून. मी पुढे ड्रायव्हरशेजारी, ती मागे सिमेंटच्या पोत्यांवर, मांडीवर देवांचं गाठोडं. साहेबाने पुढे बसायचं असा तेव्हा प्रोटोकॉल होता. हे ती वर्षातून चार वेळा ऐकवते. आता ऐकवणार नाही.

तिला सांगितलं तेव्हा पोळी लाटायची थांबली. खरंच शेजारी बसवणार ना, म्हणाली. मी म्हटलं, दोनच सीट आहेत, दुसरीकडे कुठे बसवू? संध्याकाळी तिने ट्रंकेतून सिल्कचा स्कार्फ शोधून काढला आणि धुऊन वाळत घातला.

सोमवार, २९ मार्च.

मीटर २१२. पैकी सव्वाशे सांगली ते सातारा, बाकी घर ते पोवई नाका. रोज काढत नाही. धूळ बसते. सोलापुरी चादर घालून ठेवतो. सौ.ने भाजीला जाताना सोडा म्हणून सांगितलं, मी नाही म्हटलं. तिने पहिल्यांदा बसायचं ते १२ मेलाच. तत्त्व म्हणजे तत्त्व. ती पिशवी घेऊन चालत गेली.

रविवार, ११ एप्रिल.

दुसऱ्या गिअरला ‘टक’ असा आवाज. मी स्वतः इंजिनिअर आहे (सिव्हिल), त्यामुळे आवाज येतो आहे हे लगेच ओळखलं. नाक्यावरचा आप्पासो मेस्त्री म्हणाला, आवं सायेब, सोडा हितं, अर्ध्या तासात नट आवळून देतो. मला हसू आलं. स्पोर्ट्स कार आणि आप्पासो! ज्याने जन्मभर ट्रॅक्टर उघडले! गाडी कंपनीच्या माणसांच्याच हातात द्यायची. नाहीतरी पहिलं सर्व्हिसिंग फुकट आहे.

सोमवार, १२ एप्रिल. सांगली.

सर्व्हिस डिपार्टमेंट पाहून भारावलो. फरशी लख्ख. कुठे ग्रीसचा डाग नाही, हत्यारं पसरलेली नाहीत, कोणी काम करताना दिसलं नाही. याला म्हणतात शिस्त. सर्व्हिस मॅनेजर मानसिंगराव. पांढरा सफारी, कपाळाला अष्टगंध. गाडी पाहून पाच मिनिटं नुसती प्रदक्षिणा घातली. मग दोन प्रश्न विचारले. छप्पर पार मागपर्यंत उघडतं का, आणि दुमडलेल्या छपरावर दोन माणसं बसली तर पेलेल का. किती खोलात जाऊन तपासणी! आप्पासोला सुचलं असतं?

जॉब कार्डावर सही केली. कार्ड कोरं होतं. तुमी सही करा सायेब, बाकीचं आमी भरतो, म्हणाले. विश्वासाने विश्वास वाढतो. एक किलो कंदी पेढे दिले. मीटर ३६१ लिहून घेतलं, सवय म्हणून. गुरुवारी गाडी मिळणार. परत एसटीने.

गुरुवार, १५ एप्रिल.

फोन केला. गाडी टेस्टिंगला गेली आहे.

रविवार, १८ एप्रिल. अक्षय्य तृतीया.

फोन केला. गाडी टेस्टिंगला गेली आहे. रविवारी! सणाच्या दिवशी! सरकारी खात्यात असा एक माणूस दाखवा. मागे बँडचा आवाज इतका, की मानसिंगरावांचं बोलणं नीट ऐकू येईना. शोरूमशेजारी मंगल कार्यालय असावं. बिचारे कसल्या गोंगाटात काम करतात.

शनिवार, २४ एप्रिल.

न कळवता सांगलीला गेलो. सरप्राइज इन्स्पेक्शन. नोकरीत असताना माझ्या इन्स्पेक्शनला भले भले टरकायचे. (एकदा एक मुकादम रडला होता. घरचं कारण होतं, पण माझ्यासमोर रडला.)

गाडी नव्हती. कवठे महांकाळला गेलेली. मानसिंगराव म्हणाले, तिकडं ऊन लय सायेब, इंजिन तापतंय का बघाय पाठिवली. मला पटलं. कोरडवाहू भागातच इंजिनाची खरी परीक्षा. चहा पाजला. माझेच पेढे पुढे केले. तीन तास बसलो.

चारच्या सुमाराला गाडी आली. टेस्ट ड्रायव्हरला गुलाबी फेटा. उन्हासाठी. आरशाला झेंडूची माळ. रोज पूजा करतात म्हणाले. सीटखाली अक्षता. पूजा म्हटल्यावर अक्षता आल्याच. सीटवर हळदीचे डाग. सांगलीत हळदीचा एवढा व्यापार, हवेतच हळद असणार, त्यात छप्पर उघडं. मीटर १,१४०. मानसिंगराव म्हणाले, नवं इंजिन मोकळं कराया लागतंय सायेब, तुमी स्वतः केलं असतं तर सहा म्हैनं लागलं असतं. म्हणजे माझी सहा महिन्यांची मेहनत यांनी बारा दिवसांत केली. आणि ‘टक’? तो आवाज अजून यांना ऐकूच आलेला नाही, कारण टेस्टिंगला जाताना सोबत बँड असतो, असं तो फेटेवाला म्हणाला. का असतो ते विचारायचं राहिलं. गाडी तिथेच ठेवून आलो.

मंगळवार, २७ एप्रिल.

महत्त्वाचा शोध. भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहिलं. १५, १८, २४, आणि कालची २६ (काल फोन केला, तेच उत्तर). गाडी ज्या ज्या दिवशी टेस्टिंगला गेली, त्या प्रत्येक दिवशी लग्नाचा मुहूर्त आहे. मानसिंगराव मुहूर्त पाहूनच इंजिनाला हात लावतात! यंत्रयुगात एवढी श्रद्धा! सौ.ला कॅलेंडर दाखवलं. तिने कॅलेंडरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि अहो, म्हणाली. ती थक्क झाली असावी.

सोमवार, ३ मे.

आज कडक बोलायचं ठरवून फोन केला. १२ मे म्हणजे १२ मे, मला गाडी हवी. मानसिंगरावांनी गळ्याची शपथ घेतली. कुणाच्या गळ्याची ते नीट ऐकू आलं नाही. रविवारी ९ तारखेला दिवसभरात कवाबी फोन करतो, फोनपासून हलू नगा, म्हणाले. ९ तारखेलाच सांगलीत शौनकचं लग्न आहे. शौनक म्हणजे सौ.च्या थोरल्या बहिणीचा मुलगा. सौ. म्हणाली, नाहीतरी सांगलीला जायचंच आहे, लग्न करून तसेच शोरूममध्ये जाऊ. बायकांना नियोजन कळत नाही. मी लग्नाला गेलो आणि इथे फोन वाजला तर?

रविवार, ९ मे.

सकाळी सातपासून फोनशेजारी खुर्ची टाकून बसलो आहे. सौ. कालच सांगलीला गेली. लाडू देऊन गेली. जाताना बहिणीला काय सांगू, एवढंच विचारलं. मी म्हटलं, सांग, कंपनीचं काम आहे.

दुपारी १२.४०. फोन वाजला! झेप घेतली. सौ. होती. कार्यालयातून. मागे बँड. अहो, इथे ना एक लाल गाडी, असं काहीतरी सुरू केलं तिने. मी म्हटलं, गाडीचीच वाट पाहतोय, लाइन अडवू नकोस. ठेवला.

१२.५०. परत तीच. परत ठेवला.

संध्याकाळी ७. मानसिंगरावांचा फोन नाही. नक्कीच सौ.च्या फोनमुळे लाइन एंगेज लागली असणार.

बुधवार, १२ मे.

तीस वर्षं. गाडी टेस्टिंगला गेली आहे. सौ.ला म्हटलं, पुढच्या आठवड्यात नक्की. बरं, म्हणाली. शिरा केला होता. स्कार्फ दांडीवर दिसला नाही, घडी करून ठेवला असावा. गेल्या तीन दिवसांत तिने जीपचा विषय एकदाही काढलेला नाही. वास्तविक आज ऐकवायला हरकत नव्हती. ऐकवलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

सोमवार, १७ मे.

विजय! मानसिंगरावांचा आपण होऊन फोन. गाडी तयार, आजच्या आज घेऊन जा, जागा अडतीय. माझ्या कडक बोलण्याचा परिणाम उशिरा का होईना झाला. सौ. म्हणाली, कालपासून अधिक महिना लागला, आता महिनाभर लग्नं नाहीत. या माहितीचा इथे काय संबंध?

मंगळवार, १८ मे.

गाडी आणली. मीटर ३,०४०. मानसिंगराव गाडीला निरोप देताना हळवे झाले. ग्राहकाच्या गाडीवर इतकं प्रेम! वाटेत दुसऱ्या गिअरला टक. पूर्वीपेक्षा दमदार.

बुधवार, १९ मे. सकाळी ८.

कोयनेला जायची रंगीत तालीम म्हणून गाडी चालू करायला गेलो. घर्र. बंद. परत घर्र. परत बंद. वीस मिनिटं. समोरच्या गॅलरीत लोक दात घासत उभे. सौ. कपबशी घेऊन ओट्यावर आली आणि म्हणाली, आधी पॅडल दोनदा दाबा, चोक अर्धाच ओढा, मग चावी. आणि दुसरा टाकताना क्लच पार खालपर्यंत, म्हणजे वाजत नाही.

गाडी एका झटक्यात चालू झाली.

मी विचारलं, हे तुला कुणी सांगितलं? ती म्हणाली, मानसिंगरावांनी.

सकाळी ११.

सगळं सांगितलं तिने. शौनकची वरात आमच्या गाडीतून निघाली. नंबर पाहून तिने ओळखली, तेच सांगायला फोन करत होती. नवरानवरी मागे दुमडलेल्या छपरावर. चालवायला स्वतः मानसिंगराव. शेजारच्या सीटवर करा-दिवा घेऊन वरमाई बसायची, पण तिचे गुडघे वाकेनात, म्हणून नवऱ्या मुलाची मावशी बसली. मावशी म्हणजे सौ. बसस्टँडपासून गणपतीच्या देवळापर्यंत, दीड तास. मानसिंगराव बोलायला फार चांगले आहेत म्हणे. गाडी कुणाची म्हणून तिने विचारलं, तर म्हणाले, साताऱ्याचं एक देवमाणूस हाय.

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. ती सीट मी कोणालाही दिली नव्हती, तिलाही नाही, तिच्यासाठीच राखली होती. बारा तारखेला का बोलली नाहीस, म्हटलं. ती म्हणाली, तुम्ही इतके आशेने फोनपाशी बसला होतात, काय बोलू? मग थोड्या वेळाने म्हणाली, अख्खं गाव माझ्याकडे बघत होतं, आणि मला मेलीला सारखं वाटत होतं, तुम्ही चालवत असायला हवे होतात.

दुपारी ४.

मानसिंगरावांना जळजळीत पत्र लिहायला घेतलं. चौथ्या ओळीपासून पत्र नम्र व्हायला लागलं, म्हणून थांबवलं. पुढचं सर्व्हिसिंगही फुकट आहे, संबंध बिघडवून चालणार नाही.

गुरुवार, २० मे. कोयनानगर.

आलो. सौ. शेजारी, छप्पर उघडं, डोक्याला स्कार्फ. क्लच पार खालपर्यंत दाबत आलो, टक वाजलं नाही.

उंब्रजला चहाला थांबलो. एक फेटेवाले गृहस्थ सरळ गाडीपाशी आले आणि बॉनेटवर थाप मारली. भाऊसो नाव. म्हणाले, ही मानसिंगची वरातीची गाडी न्हवं? आमच्या मेव्हण्याच्या पोराला कवठे महांकाळात हीच हुती, लय भारी दिसली. अधिक सरला की माझ्या पोरीचं हाय, चोवीस जून, तेवढी तारीख धरून ठेवा. मग मला डोक्यापासून चपलांपर्यंत न्याहाळून म्हणाले, नवं डायवर का रं गड्या?

मी अनंत वासुदेव, उपअभियंता, निवृत्त, हे सांगायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात सौ. म्हणाली, होय, नवीनच आहेत. अजून हात बसलेला नाही, पण माणूस चांगला आहे.

भाऊसोंनी तिला आत पंख्याखाली खुर्ची दिली. मला चहा बाहेर गाडीपाशीच आणून दिला, वर एक खारी. गाडी सोडून जाऊ नगंस, पोरं खरवडत्यात, म्हणाले. मी गेलो नाही.

सौ. तिथून पाटणपर्यंत हसत होती. तीस वर्षांत तिला इतकं हसताना पाहिलं नव्हतं. मी गाडी चालवत राहिलो.

चोवीस जून, गुरुवार. मुहूर्त सकाळी ११.१२. लिहून ठेवलं आहे.