थांब, आईला देतो

तीर्थरूप बाबा,
धाकटीचा नमस्कार. मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होतं.

इथे एम.ए.ला संवादशास्त्राच्या बाईंनी घरच्या फोनवरचं बोलणं जसंच्या तसं लिहून आणायला सांगितलं होतं. तुमचं एका ओळीत संपलं: "बरी आहेस ना? थांब, आईला देतो." वर्ग हसला, मीही हसले. तेव्हापासून कशात लक्ष लागत नाही. पुस्तक उघडते, मिटते, उगीच खिडकीशी जाऊन येते.

गुडघा कसा आहे? आई बरा म्हणते, पण आईचं 'बरा' मला ठाऊक आहे.

रविवारी फोन करीन. आईला देण्याआधी एखादं वाक्य जास्त बोला. नळाला पाणी आलं का, एवढंही चालेल.

तुमचीच,
धाकटी

ता.क. हे पत्र वाचून लगेच आईला देऊ नका.